भोपळ्याचं तेल आणि बुवांची बैठक

संप मिटल्याचं गुणाजीबुवांना कुणी कळवलं नव्हतं. ब्याऐंशीच्या जानेवारीत ते मिलच्या गेटबाहेर पडले ते पडलेच. पुढे मिल बंद झाली, माग भंगारात गेले, चिमणी पाडली, तिच्या जागी काचेचा मॉल उभा राहिला आणि त्यातल्या सरकत्या जिन्यावर चाळीतल्या बायका एकमेकींना धरून पाय ठेवायला शिकल्या. पण संप मागे घेतला असं काही कुणी येऊन सांगितलं नाही. त्यामुळे तत्त्वतः बुवा अजून संपावरच होते. मधल्या काळात त्यांनी शिवडीला गोडाऊनवर वॉचमनकी केली, चिंचपोकळीच्या एका प्रेसमध्ये पुठ्ठे कापले, मुलीचं लग्न लावलं आणि डोक्यावरचे केस घालवले. ही सगळी तात्पुरती कामं होती.

कायमचं काम एकच, भजन. तेसुद्धा साधं नव्हे, डबलबारी. मैदानात समोरासमोर दोन मंच, प्रत्येकावर एक बुवा, पुढ्यात पेटी, मागे पखवाज, झांजा आणि कोरस. एकाने गायचं, दुसऱ्याने ऐकायचं. मग दुसऱ्याने गाऊन त्याला उत्तर द्यायचं. गाणाऱ्याने देवाचं नाव घेता घेता समोरच्याला टोले मारायचे आणि समोरच्याने ते हसऱ्या चेहऱ्याने खायचे. मधे विश्रांती नाही. पहिल्याचा गजर जमिनीवर पडायच्या आत दुसऱ्याने सूर उचलायचा. आणि एक नियम, जो कुठेही लिहिलेला नाही पण लालबागपासून नायगावपर्यंत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: समोरचा गात असताना जो बुवा गादीवरून उठला, तो पळाला. मग त्याच्या घराला आग लागलेली का असेना.

गेल्या माघात, चाळीच्या सत्यनारायणाला, गुणाजीबुवा उठले होते.

समोर नायगावचे धोंडूबुवा गवळण गात होते. गवळण बरी चालली होती. गुणाजीबुवा अचानक उठले, मंचाच्या मागच्या बाजूने उतरले आणि परत आले तेव्हा मैदान हसत होतं. कारण धोंडूबुवांनी तेवढ्यात कडवं बांधलं होतं:

गेटावरती दीड वरीस बसला, कुणा नाही हटला,
एक गवळण ऐकून माझी बुवा कसा हो उठला!

याला इतिहास होता. धोंडूबुवा संपाच्या दुसऱ्या वर्षी कामावर परत गेले होते. घरात चार पोरं आणि आजारी आई. पण गुणाजीबुवांनी ते त्यांना कधी विसरू दिलं नाही. पंचवीसहून जास्त वर्षं, दर बारीत, एक कडवं ठरलेलं: गेट, पोलीस आणि मान खाली घालून आत जाणारा बुवा. धोंडूबुवांनी ती सगळी कडवी हसऱ्या चेहऱ्याने खाल्ली होती. गेल्या वर्षी त्यांचं जेवण झालं.

बुवा का उठले, हे कुणी विचारलं नाही. घाबरले, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना माहीत होतं, कारण रात्री बुवा उठले की खोलीचं दार वाजायचं, गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत चपला वाजायच्या आणि परत वाजायच्या. साठीनंतर पुरुषाच्या शरीरात एक ग्रंथी आपल्या मालकाला न विचारता मोठी होते आणि मग मालकाचा दिवस तिच्या वेळापत्रकाने चालतो. बुवा सिनेमाला जायचे बंद झाले. लग्नाला गेले तर दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. दादरला भाचीकडे जायचं झालं तर वाटेत कुठे कुठे सोय आहे हे आधी मनात आखून घ्यायचे.

सत्यनारायणाच्या मीटिंगमध्ये मंडळाच्या लोकांनी विषय काढला, म्हणजे कुणीच काढला नाही, सगळे आनंदाकडे बघत राहिले. आनंदा बुवांच्या मागे कोरसला बसायचा. पस्तिशीचा, मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर, गळा स्वच्छ.

शेवटी एकजण म्हणाला, "बुवा, यंदा पोरांना चान्स देऊया काय?"

"पोराला की पोरांना?" बुवांनी विचारलं.

"म्हणजे... आनंदाला."

आनंदा म्हणाला, "मी काय बोललोच नाय हां बुवा. ह्यांचं चाललंय."

"यंदा समोर कोण?"

"धोंडूबुवाच."

"मग यंदा मी बसणार," गुणाजीबुवा म्हणाले. "आणि उठलो तर गादी आनंदाची. कायमची."

सभेत टाळ्या पडल्या. त्या नेमक्या कोणत्या वाक्याला पडल्या हे बुवांच्या लक्षात आलं नाही, आणि ते बरंच झालं.

आता प्रश्न एवढाच होता की बसायचं कसं.

याचं उत्तर दिवाळीत जावई घेऊन आले. रामजीरावांनी याआधी पाण्याचे फिल्टर विकले होते, मग कंबरदुखीवर चुंबकाची गादी विकली होती. ती गादी सासऱ्यांच्या खोलीत अजून होती आणि तिच्यावर सुभद्राबाई पापड वाळत घालायच्या. यंदा त्यांच्या बॅगेत प्लास्टिकच्या बाटल्या होत्या आणि बाटल्यांत काळपट हिरव्या, गुळगुळीत कॅप्सुला.

"मामा, हे भोपळ्याच्या बियांचं तेल. लाकडी घाण्याचं समजा. शंभर टक्के नॅचरल."

सुभद्राबाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. "भोपळ्याच्या बिया?"

"हो मामी."

"ज्या मी जन्मभर केरात टाकल्या त्या?"

"परदेशात त्याला सोन्याचा भाव आहे. ऑस्ट्रियात तर पिढ्यान्‌पिढ्या तेल काढतात."

"आणि भोपळ्याचं काय करतात?"

रामजीरावांनी हे कंपनीच्या शिबिरात ऐकलेलं होतं. "भोपळा शेतातच टाकतात."

"गो बाय!" सुभद्राबाई म्हणाल्या. "आम्ही बी टाकतो, ते भोपळा टाकतात. दोघांनी आधी बोलून घेतलं असतं तर?"

रामजीरावांनी घडीचा रंगीत कागद काढला आणि फायदे वाचायला सुरुवात केली. कोलेस्टेरॉलला चांगलं. हृदयाला चांगलं. झोपेला चांगलं. बायकांच्या पन्नाशीतल्या तक्रारींना चांगलं. पुरुषांच्या वयोमानानुसार होणाऱ्या लघवीच्या तक्रारींना फारच चांगलं. केसांना चांगलं.

बुवा भिंतीकडे बघत होते. कागद संपल्यावर त्यांनी विचारलं, "ते केसांचं काय म्हणालात?"

"केस येतात मामा. पुरुषांवर प्रयोग झालाय."

"मग एक बाटली ठेवा," बुवा म्हणाले. "केसांसाठी."

त्या संध्याकाळी सुभद्राबाईंनी लाल भोपळा आणला, शिरस्त्याप्रमाणे विळी बुवांपुढे सरकवली, कारण अख्ख्या भोपळ्याला पहिली चीर पुरुषाने द्यायची असते, आणि बुवांनी चीर दिल्यावर बिया वेगळ्या काढून त्या चुंबकाच्या गादीवर वाळत घातल्या.

"ह्या कशाला?" बुवांनी विचारलं.

"केसांसाठी," सुभद्राबाई म्हणाल्या.

आठवडाभर बुवांनी दोन वेळा कॅप्सूल घेतली. मग मुलगी आली. नलू बारावी पास होती आणि नवरा जे विकेल त्याच्यावरचं बारीक अक्षर वाचायची तिला अनुभवातून सवय लागली होती.

"बाबा, तुम्ही हे गिळता?"

"मग काय चघळू?"

"ह्याच्यात आत तेल आहे ते ठीक. पण वरचं कवच जिलेटिनचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढतात ते."

बुवा माळकरी होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी, जेव्हा मासे परवडेनासे झाले होते, तेव्हा त्यांनी माळ घातली. पुढे परवडायला लागले तरी काढली नाही. सुकट भाजल्याच्या वासानेसुद्धा ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. आणि तेच बुवा आठवडाभर, देवासमोर उभं राहून, हात जोडून, हाडं गिळत होते.

"तुझ्या नवऱ्याला माहीत होतं?"

"त्यांना विचारलं. म्हणाले, शंभर टक्के नॅचरल आहे."

बुवांनी माळ डोळ्यांना लावली, तुळशीचं पाणी प्यायले आणि बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे पाठ करून बसले. माळ की गादी असा हा प्रश्न होता आणि त्यांना तो फार अन्यायाचा वाटला. सुटका सुभद्राबाईंनी केली. गोधडी शिवायची सुई घेऊन त्यांनी कॅप्सूलला एका टोकाला भोसकलं आणि चमच्यात पिळलं. हिरवट काळं, भाजल्या शेंगदाण्यासारख्या वासाचं तेल चमच्यात उतरलं.

"घ्या. हाड केरात, तेल पोटात."

"धर्माला चालेल?"

"अंड्याचं कवच टाकून अंडं खात नाय ना तुम्ही. तेल खाताय."

हा दृष्टांत बुवांना पूर्ण समजला नाही, पण सोयीचा वाटला. तेव्हापासून रोज सकाळ-संध्याकाळ भोसकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. बोटांना राहिलेलं तेल फुकट का घालवायचं म्हणून बुवा ते टाळूवर पुसायचे.

नाक्यावरच्या डॉक्टरांकडे ते गेले ते खोकल्यासाठी. निघता निघता, दाराची कडी हातात धरून, त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "भोपळ्याचं तेल? हां, अभ्यास झालेत थोडेफार. लहान आहेत. काही लोकांना वारंवार उठणं जरा कमी झाल्यासारखं वाटलं."

"वाटलं ना?"

"वाटलं. पण ज्यांना नुसतीच खोटी गोळी दिली होती, त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना वाटलं."

"म्हणजे खोटी गोळीसुद्धा चालते?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बुवा, तेल घ्या. त्याने सहसा काही बिघडत नाही. पण त्याच्या भरवशावर बसू नका. परळच्या हॉस्पिटलात जा, सोनोग्राफी करा, रक्त तपासा. हे कशामुळे होतंय ते आधी कळायला नको?"

एवढ्या बोलण्यातून बुवांनी 'तेल घ्या' एवढं घरी नेलं. सोनोग्राफी सत्यनारायणानंतर.

तेलाने फरक पडला का, हे सांगणं कठीण होतं. पडल्यासारखा होता. सुभद्राबाईंच्या मते गॅलरीत चपला कमी वाजत होत्या. पण त्याच सुमाराला बुवांनी दुपारनंतरचा चहा सोडला होता, पाणी घोटाघोटाने प्यायला लागले होते आणि सरावासाठी देवासमोर घड्याळ ठेवून मांडी घालून बसायचे. यातलं श्रेय कुणाचं हे ठरवायला जी शास्त्रीय शिस्त लागते ती चाळीत नव्हती. केसांचं मात्र वेगळं होतं. माघ लागेपर्यंत बुवांच्या टाळूवर बारीक लव दिसायला लागली. आंब्याच्या बाठीवर असते तशी. रामजीरावांनी तिचा मोबाईलवर फोटो काढला.

"मामा, बारी झाली की माईकवरून दोन शब्द बोला. फक्त केसांबद्दल."

"बघू," बुवा म्हणाले.

पूजेच्या दिवशी बारी संध्याकाळी पाचलाच सुरू झाली. रात्री लाउडस्पीकर बंद करायला पोलीस येतात, त्यामुळे हल्ली देवालाही लवकर जागावं लागतं. मैदान भरलं होतं. पुढे सतरंजीवर बायका, मागे खुर्च्यांवर मफलर गुंडाळलेले म्हातारे, कडेने मोबाईल उंचावलेली तरुण मंडळी. थंडी होती. थंडी बुवांच्या बाजूची नव्हती. त्यांनी सकाळपासून एक भांडं पाणी घेतलं होतं आणि मंचावर चढण्याआधी, खात्रीसाठी, मैदानामागच्या म्युनिसिपालिटीच्या मुतारीत दोनदा जाऊन आले होते.

नाणेफेक धोंडूबुवांनी जिंकली. पहिली बारी त्यांची.

गुणाजीबुवा मांडी घालून बसले आणि चेहऱ्यावर हसू चढवलं. ते उतरणार नाही याची काळजी घेत ते ऐकत राहिले. धोंडूबुवांनी स्तवन म्हटलं, रूपाचा अभंग घेतला, मग गेल्या वर्षीचं कडवं पुन्हा म्हटलं. मैदान हसलं. गुणाजीबुवाही हसले, कारण आधीपासूनच हसत होते. गवळणीपर्यंत ठीक होतं. गवळणीत खालून पहिली सूचना आली. बुवांनी मांडी बदलली, मनात हनुमानाचं नाव घेतलं. अजून गवळणीच्या ताना, मग टोले, मग गजर. एवढं सगळं बाकी होतं.

पण धोंडूबुवांनी ताना घेतल्याच नाहीत. गवळण दोन कडव्यांत गुंडाळली आणि थेट गजराला हात घातला. गजरही घाईत झाला. जाणकारांनी माना हलवल्या: ठेवणीतलं पुढच्या बारीसाठी राखून ठेवतोय.

गजर खाली यायच्या आत गुणाजीबुवांनी पेटीवर बोटं ठेवली. ते बसले होते. उठले नव्हते. मागून आनंदाचा आवाज आला, "वा बुवा!"

गायला लागल्यावर बुवांना काही होत नसे. हे तेलाआधीही होत नसे. आवाज लागला, पखवाज भरला, आणि खालच्या सूचना ऐकू येईनाशा झाल्या. त्यांनी अभंग घेतला. गवळण घेतली. मग जुनं, ठरलेलं कडवं काढलं, गेट आणि पोलीस आणि खाली घातलेली मान, आणि टोला कसा बसला हे बघायला समोर पाहिलं.

धोंडूबुवांनी शाल मांडीवर ओढून घेतली होती. शाल खांद्याची वस्तू आहे. मग त्यांनी उजवी मांडी डावीवर घेतली. मग डावी उजवीवर. मग ते मंडपाच्या छताकडे, जिथे काही नव्हतं, तिथे लक्ष देऊन बघायला लागले. गुडघा ताल धरत होता, पण पखवाजाचा नव्हे.

हे सगळं गुणाजीबुवांना तोंडपाठ होतं.

गवळण का आटपली, गजर का पळाला, ते एका क्षणात उलगडलं. आणि त्याच क्षणी हेही की आता धोंडू त्यांच्या हातात आहे. बारी लांबवायची, बस. एक अभंग जास्त. एक जास्तीची तान. धोंडू उठेल, मैदान हसेल, आणि गेल्या माघापासूनचा हिशेब मिटेल.

बुवांनी लांबवली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे जे झालं त्यावरून काही लोकांनी त्यांना संत ठरवलं. त्यांनी एक अभंग जास्त घेतला, आणि तो विलंबित घेतला. ओळीच्या शेवटी आलाप घेतला, आलापाच्या शेवटी आणखी आलाप. मैदान डोलायला लागलं. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बुवा, हलतोय तो! अजून एक ओढा!" समोर धोंडूबुवांच्या कपाळावर माघाच्या थंडीत घाम होता. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी होतं. त्यामागचा माणूस मात्र कुठेतरी दुसरीकडे होता, आणि कुठे, तेही बुवांना माहीत होतं. तिथे तेही गेले होते.

आणि मग खालून त्यांनाही दुसरी सूचना आली. आधी करुणा आली की आधी ही सूचना, हे बुवांना नंतरही नक्की सांगता आलं नसतं.

त्यांनी पेटीचा भाता थांबवला. हात वर केला.

"माऊली!" ते माईकमध्ये म्हणाले. "आता गजर. पण आजचा गजर बसून नाही. सगळ्यांनी उभं राहायचं. दोन्ही हात वर. डोळे मिटायचे. देवाचं नाव उघड्या डोळ्यांनी घ्यायचं नाही."

मैदानात चुळबुळ झाली. असं आधी कधी झालं नव्हतं.

"समोरच्या बुवांनीसुद्धा," गुणाजीबुवा म्हणाले. "देवासाठी उभं राहिलेला माणूस उठला असं होत नाही."

मैदान उभं राहिलं. हात वर गेले. डोळे मिटले. धोंडूबुवा उभे राहिले, त्यांनी एकदा गुणाजीबुवांकडे पाहिलं आणि मंचाच्या मागच्या बाजूने दिसेनासे झाले. गुणाजीबुवांनी गजर उचलला, दोन आवर्तनं म्हटली, मग मागे वळून आनंदाचा खांदा धरला.

"धर."

"काय धरू?"

"पेटी धर, सूर धर, काय वाटेल ते धर. पण थांबू नको."

मैदानामागे पोचल्यावर बुवांना दिसलं की आपण फार उशिरा आलोय. मुतारीबाहेर रांग होती. धोंडूबुवा रांगेत होते, पण बऱ्याच मागे. पुढे सगळे मफलरवाले होते. डोळे मिटायला सांगितल्याबरोबर ज्यांनी डोळे उघडले ते हे. विव्हिंग खात्याचे, स्पिनिंगचे, फोल्डिंगचे. दिवसपाळीचे आणि रात्रपाळीचे. संपात बसलेले आणि संपातून उठलेले. सगळे साठीच्या पलीकडचे, आणि प्रत्येकाचा चेहरा असा की मी इथून सहज चाललो होतो.

"बुवा, तुम्ही पुढे या," कुणीतरी म्हणालं.

"मग तुझी जागा दे," त्याच्या पुढचा म्हणाला. "बुवा असला तरी रांग रांग आहे."

गुणाजीबुवा धोंडूबुवांच्या मागे उभे राहिले. मैदानातून आनंदाचा आवाज येत होता.

धोंडूबुवा न वळता म्हणाले, "तू पण?"

"मग तुला काय वाटलं?"

"गेल्या वर्षी?"

"हेच."

"मेल्या, मग सांगायचं नाय? मी अख्खं कडवं बांधलं तुझ्यावर."

"कसं सांगू? माईकवरून?"

रांग एका माणसाने पुढे सरकली.

"शेवटचा टोला का नाय मारलास आज?" धोंडूबुवांनी विचारलं. "हातात होतो मी तुझ्या."

"मारणार होतो," गुणाजीबुवा म्हणाले. "वेळ नव्हता."

धोंडूबुवा हसले, पण जपून. मग हळूच म्हणाले, "काय घेतोस तू?"

"भोपळ्याच्या बियांचं तेल."

"कोण देतो?"

"जावई."

"मला पण तोच देतो. म्हणाला, गुणाजीबुवांना सांगू नका."

आता त्यांनी वळून पाहिलं. नजर गुणाजीबुवांच्या टाळूवर गेली आणि तिथेच राहिली. "तुला तर आलेत."

"मी लावतो पण."

"मला म्हणाला गिळा."

त्यांच्या पुढचा म्हातारा बोलला, "मी पण घेतोय. मला वाटतो फरक."

"वाटतो म्हणजे?"

"वाटतो म्हणजे वाटतो. पण इथे उभा आहे हे पण आहेच."

त्याच्याही पुढे उभा असलेला, जो संपात युनियनचा गेट-लीडर होता आणि अजून प्रत्येक वाक्य घोषणेसारखं म्हणायचा, तो म्हणाला, "मी परळला दाखवलं! ग्रंथी वाढलीय! त्यांनी गोळी दिली! आता मी फक्त सोबत म्हणून आलोय!"

"नाव सांग गोळीचं," चार जण एकदम म्हणाले.

"नाय सांगणार! प्रत्येकाचं वेगळं असतं! डॉक्टरने तपासून द्यायचं! मंगळवारी ओपीडी असते!"

मग धोंडूबुवा म्हणाले, "मंगळवारी जायचं काय?"

"एकट्याने लाज वाटते," मागून कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणालं.

"मग सगळे जाऊ!"

"मोर्चा काढून?"

"आणि मागणी काय लिहायची?"

"सलग झोप," गुणाजीबुवा म्हणाले.

तेवढ्यात रामजीराव बॅग घेऊन आले. सासऱ्यांना शोधत आले होते. रांग बघितली आणि जागीच थांबले. एवढं गिऱ्हाईक एका ठिकाणी, एका कारणासाठी, उभं राहिलेलं त्यांनी शिबिराच्या व्हिडिओतही पाहिलं नव्हतं.

"मामा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "दोन शब्द. इथेच बोला. माईक नको."

रांग गुणाजीबुवांकडे बघायला लागली. बुवांनी जावयाकडे पाहिलं. रामजीरावांच्या शर्टाच्या कॉलरला नलूने घातलेली शिवण दिसत होती. बुवांना ती दिसली नसती तर बरं झालं असतं.

"केस आले," ते म्हणाले. "हे खरं. हात लावून बघा कुणाला बघायचं तर. बाकीचं मंगळवारी डॉक्टर सांगतील. तेल घ्यायचं त्याने घ्यावं, पण तेल घेतलं म्हणून मंगळवार चुकवायचा नाही."

"एवढंच?"

"आणि कवच काढून घ्या. हाडाचं आहे."

रांगेत मालवणीत दोन-चार शब्द उमटले, ते रामजीरावांना उद्देशून होते. तरी दोघा-तिघांनी जाता जाता बाटली मागितली. टकले होते.

गुणाजीबुवा परत आले तेव्हा मैदान अजून उभंच होतं, हात वर, कारण आनंदाने थांबायचं नाही एवढंच ऐकलं होतं. पुढच्या बायकांचे हात खांद्यापर्यंत उतरले होते. सुभद्राबाईंचे डोळे उघडे होते. बहुधा मिटलेच नसावेत. आणि आनंदा गात होता. डोळे मिटून, मान मागे टाकून, पेटीकडे न बघता. गजर त्याने अशा लयीत नेला होता जिथे बुवा गेल्या दहा वर्षांत पोचले नव्हते. एका जागी तर त्याने असा सूर लावला की समोर मंचावर नुकतेच चढलेले धोंडूबुवाही शाल खांद्यावर घ्यायची विसरले.

बुवा मंचाच्या पायऱ्यांशी थांबले. कुणी पाहिलं नव्हतं. रांगेतले कुणी बोलणार नव्हते, ते स्वतः तिथे होते. देवासाठी उभा राहिला तो उठला नाही, हे त्यांनी स्वतःच माईकवरून सांगितलं होतं आणि मैदानाने मान्य केलं होतं. युक्तिवाद पक्का होता. त्यात फक्त मुतारी बसत नव्हती.

आनंदाने डोळे उघडले. बुवांना पाहून तो गाता गाताच बाजूला सरकला, गादीवर जागा केली. मंडळाचे लोक हाताने खुणा करायला लागले, बसा बसा.

बुवांनी मान हलवली. आनंदाच्या कानाशी वाकून म्हणाले, "बस तू. मी उठलो होतो."

"कोणी बघितलं नाय बुवा."

"मी होतो ना तिथे. गा. आणि त्या लोकांना खाली बसव आधी, हात मोडतील बायकांचे."

ते गादीला वळसा घालून मागे गेले. कोरसमधली आनंदाची जागा रिकामी होती, अगदी कडेला, मंचाच्या टोकाशी. तिथे वारा लागत होता, पण उतरायच्या पायऱ्या लगेच हाताशी होत्या. बुवा बसले, कुणाची तरी झांज उचलली, पायरीवरच्या आपल्या चपला पायाने जरा जवळ ओढून घेतल्या, आणि आनंदाने ओळ सोडल्यावर त्याच्या मागोमाग सूर धरला.